फ्रिजमध्ये काय ठेवावे, काय बाहेर ठेवावे: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेतील घरांसाठी

रव्याच्या, मसाल्याच्या किंवा बिस्किटांच्या पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ अशी सूचना छापलेली असते. जुलै महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या सदनिकेत अशी जागा शोधायला गेल्यास ती सापडत नाही. दोन्ही शहरांना खाडी लागून असल्यामुळे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात आणि कपाटातल्या डाळींना वास येऊ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ अंशांपर्यंत चढतो, त्या वेळी ओट्याजवळची हवा त्याहूनही गरम असते. कोरड्या हवेच्या गावात माठातले पाणी झटकन गार होते, आपल्याकडे मात्र हवेतच एवढे बाष्प असते की माठाला घाम फुटूनही पाणी कोमटच राहते. साहजिकच, जे खराब होईलसे वाटते ते सारे फ्रिजमध्ये कोंबण्याकडे आपला कल होतो.

परंतु फ्रिज फक्त गारवा देतो. ओलीपासून संरक्षण तो देत नाही. उलट गार झालेला डबा बाहेर काढून उघडला, की आपल्या दमट हवेतले पाणी आतल्या पदार्थावर जमा होते. म्हणून कोणतीही वस्तू फ्रिजमध्ये ठेवण्यापूर्वी ती नेमकी कशामुळे बिघडते हे पाहावे. जंतूंमुळे बिघडणाऱ्या वस्तूला गारवा हवाच. तेल खवट होऊन बिघडणाऱ्या वस्तूला गारवा उपयोगी पडतो, पण हवाबंद डब्यासह. ओलीमुळे बिघडणाऱ्या वस्तूला घट्ट झाकण पुरते. आणि काही फळे-भाज्या तर गारव्यानेच बिघडतात. पुढील सर्व सूचना या एकाच विचारावर आधारलेल्या आहेत.

आधी फ्रिजचे तापमान तपासावे

फ्रिजच्या मुख्य कप्प्यातील तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडे कमी आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. बहुतेक घरांतल्या फ्रिजवर अंशांऐवजी १ ते ७ असे आकडे किंवा ऋतूंची नावे असतात, त्यावरून आतल्या तापमानाचा अंदाज येत नाही. यासाठी फ्रिजमध्ये ठेवता येणारा साधा तापमापक आणावा, पाण्याने भरलेल्या पेल्यात तो बुडवून पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार प्रथम उघडताच आकडा वाचावा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे तितक्या लवकर बदलत नाही, म्हणून पेल्याचा हा उपद्व्याप आवश्यक आहे. आकडा ६-७ आढळल्यास कळ एक घर पुढे सरकवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे.

तरीही फरक पडत नसेल, तर दाराच्या रबराकडे लक्ष द्यावे. कागदाचा एक तुकडा दारात अडकवून दार बंद करावे आणि कागद ओढून पाहावा. तो अलगद निसटला तर तेथून गार हवा बाहेर जात आहे असे समजावे. रबराच्या घडीत साचलेली काळी बुरशी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून काढल्यावर पुष्कळदा रबर पुन्हा नीट बसते. एकदारी साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर साधारण अर्ध्या सेंटिमीटरहून जाड होऊ देऊ नये. तो चाकूने मात्र खरवडू नये, कारण वायूची नळी फुटली की फ्रिज बंद पडलाच. लहान स्वयंपाकघरात फ्रिज भिंतीला अगदी चिकटवलेला असतो; त्याच्या मागे व बाजूंना माहितीपुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडावी.

मग सर्व सामान बाहेर काढून नव्याने लावावे

फ्रिज एका सुटीच्या दिवशी पूर्ण रिकामा करावा आणि प्रत्येक डबा उघडून पाहावा. सर्वांत वरच्या फळीवर शिजवलेले व थेट खायचे पदार्थ, मधल्या फळीवर मागच्या बाजूला दूध आणि दही, सर्वांत खालच्या फळीवर कच्चे मासे, मटण, चिकन आणि तळाच्या खणात भाज्या असा क्रम ठेवावा. कच्चे मांस खाली ठेवण्याचे कारण सरळ आहे: त्याचे पाणी गळाले तर ते श्रीखंडावर पडता कामा नये. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खाली असलेला उथळ ट्रे सर्वांत गार असल्यामुळे मासे तेथे ठेवण्याची पुष्कळ घरांत पद्धत आहे. तसे करायचे असल्यास ते गळणार नाहीत अशा घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावेत.

दाराचे कप्पे फ्रिजमधील सर्वांत कमी गार जागा असतात. उत्पादकांनी दुधाच्या पिशव्या आणि अंडी यांच्यासाठी दारातच खाचा केलेल्या असल्या, तरी मुले दिवसभर दार उघडतात अशा घरात त्या जागी पाण्याच्या बाटल्या, सॉस, कोकम सरबत आणि उघडलेली मुरंब्याची बरणी हेच ठेवणे योग्य. डबे एकमेकांना खेटून ठेवल्यास गार हवा फिरत नाही आणि पुढचा पदार्थ नासतो, तर मागच्या भिंतीला टेकलेली काकडी गोठते.

शिजवलेले अन्न: दोन तासांची मर्यादा

अन्नातील जंतू साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, आणि अनुकूल स्थितीत त्यांतल्या काहींची संख्या वीस-तीस मिनिटांत दुप्पट होते. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासातच जावे, हा नियम त्यासाठीच आहे. मे महिन्यात रात्री नऊची आमटी अकरा वाजता आवरताना फ्रिजमध्ये गेली, तर तिला उशीर झालेला असतो.

गरम पातेले तसेच आत ठेवू नये हे खरे, परंतु ते पूर्ण थंड होण्याची वाट पाहत ओट्यावर विसरणे अधिक घातक. मोठ्या पातेल्यातली डाळ मधोमध कित्येक तास कोमट राहते. ती दोन-तीन उथळ डब्यांत काढावी, डबे पाण्याच्या परातीत ठेवून एकदा-दोनदा ढवळावे, आणि वाफ येणे थांबताच झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावे.

भाताविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे, कारण सकाळी फोडणीचा भात करायचा म्हणून रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवणे ही आपल्याकडे अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते कुकरमध्ये शिजूनही टिकून राहतात. भात रात्रभर उबदार हवेत राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. म्हणजे सकाळी कढईत कितीही चुरचुरीत फोडणी दिली तरी रात्रीची चूक दुरुस्त होत नाही. भात ताटात पसरून लगेच गार करावा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. अशा भाताचा फोडणीचा भात अधिक मोकळा होतो, हा वरचा फायदा.

इतर शिजवलेले अन्न ४ अंशांवर तीन-चार दिवस टिकते असे मानले जाते. माझ्या मते, ज्या घरात दार सारखे उघडते तेथे दोन दिवसांची मर्यादा धरावी, आणि ओल्या नारळाचे वाटण घातलेली आमटी, सोलकढी किंवा नारळाचे दूध दुसऱ्या दिवसापलीकडे नेऊ नये. खाताना लागेल तेवढेच अन्न काढून वाफा येईपर्यंत गरम करावे. मळलेली कणीक रात्रभर ठेवण्यास हरकत नाही. ती काळपट पडते ते पिठातील घटकांचा हवेशी संयोग होऊन, म्हणून वर तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात ठेवावी.

मासे आणि मांस

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून किंवा ठाण्याच्या मासळी बाजारातून रविवारी मासे आणताना त्यांचा प्रवास बर्फासह व्हावा. दुचाकीच्या हुकाला लटकवलेल्या पिशवीत अर्धा तास उन्हात गेलेला बांगडा घरी येईपर्यंतच बिघडू लागलेला असतो. बांगडा, सुरमई, कुपा अशा माशांत उष्णतेमुळे हिस्टामिन तयार होते आणि ते तळून किंवा शिजवूनही जात नाही; खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास त्यामुळे होतो.

घरी आल्यावर कल्ले व पोटातील घाण काढून मासे धुवावेत, पाणी पूर्ण निथळू द्यावे, कोरड्या फडक्याने टिपावेत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावेत. हळद, मीठ, आगळ लावून ठेवलेले मासे टिकाऊ होतात असा समज आहे, पण ते चवीपुरतेच आहे. असे मासे आणि कच्चे चिकन एक, फार तर दोन दिवसांत शिजवावे. त्याहून अधिक दिवस ठेवायचे असल्यास आणल्याच दिवशी एका वेळच्या जेवणापुरत्या चपट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात. चपट्या पुड्या लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. बर्फ सोडवण्यासाठी पुडी आदल्या रात्री ताटलीत घालून खालच्या फळीवर ठेवावी. ओट्यावर ठेवल्यास आत बर्फ आणि बाहेर कोमट अशी स्थिती होते. ओट्यावर सुटलेले मासे पुन्हा गोठवू नयेत.

सुके बोंबील, सोडे आणि जवळा यांना खरे तर ऊन आणि हवाबंद डबा पुरतो. पावसाळ्यात मात्र त्यांना बुरशी धरते, तेव्हा मे महिन्यातच पुन्हा एकदा ऊन दाखवून दुहेरी पिशवीत बांधून ते फ्रीझरमध्ये ठेवणे उत्तम. पिशवी एकेरी असेल तर बर्फाच्या खड्यांनाही जवळ्याचा वास येतो.

दूध, अंडी, पाव

पिशवीचे दूध आणल्याबरोबर फ्रिजमध्ये जावे किंवा तापवून, गार करून जावे. खोक्यातले दीर्घकाळ टिकणारे दूध न उघडता बाहेर राहते. उघडल्यावर त्याला साध्या दुधासारखेच वागवावे. लोणी आणि पनीर आत, कढवलेले तूप बाहेर, कारण तुपात पाणीच उरलेले नसते. अंडी न धुता, आतल्या फळीवर, झाकलेल्या डब्यात ठेवावीत. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते. इडली-डोशाचे पीठ फुगून आले की लगेच आत ठेवावे, नाहीतर आपल्या हवेत दुपारपर्यंत आंबटढाण होते. पाव फ्रिजच्या मुख्य कप्प्यात लवकर वातड होतो आणि पावसाळ्यात बाहेर ठेवला तर त्याला बुरशी येते; लागेल तेवढा बाहेर ठेवून उरलेला फ्रीझरमध्ये ठेवणे हाच मार्ग आहे.

भाज्या आणि फळे

जांभळी नाक्याच्या मंडईतून किंवा दारावरच्या गाडीवरून पावसाळ्यात येणारी भाजी भिजलेलीच असते, आणि ती तशीच पिशवीत कोंबून खणात टाकली की तिसऱ्या दिवशी तिचा लगदा होतो. कोथिंबिरीची जुडी आणल्यावर आधी दोरा सोडावा, मातीसकट मुळे कापावीत, पिवळी आणि चिकट झालेली पाने काढावीत आणि पंख्याखाली सुती फडक्यावर अर्धा-पाऊण तास पसरावी. मग डब्याच्या तळाशी कोरडे सुती फडके घालून त्यावर ती सैल भरावी, वर दुसरे फडके ठेवावे आणि झाकण लावावे. फडके ओलसर झाले की बदलावे. धुण्याचे काम वापरायच्या वेळी करावे. पालक, मेथी, अळू आणि कढीपत्ता यांनाही हीच रीत लागू पडते. मिरच्यांचे देठ काढून त्या अशाच ठेवाव्यात. वर्तमानपत्रात भाजी गुंडाळण्याची सवय सोडावी, कारण छपाईच्या शाईतील घटक अन्नाला लागू शकतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरू नये असे बजावले आहे.

कांदे-बटाटे बाहेरच ठेवावेत, मात्र एकाच टोपलीत नव्हे. कांद्याला कोरडी, खेळती हवा हवी, बटाट्याला अंधार हवा आणि एकत्र ठेवल्यास दोन्ही लवकर खराब होतात. फ्रिजमध्ये बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, त्यामुळे काचऱ्या तळताना काळ्या पडतात. रताळी, सुरण, अख्खा भोपळा आणि लसूणही बाहेर. चिरलेला भोपळा आणि सोललेला लसूण आत. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, हवा न लागणाऱ्या अशा जागी घातक विष तयार करणारे जंतू वाढू शकतात.

केळी १३ अंशांखाली गेली की साल काळी पडते आणि कच्ची असतील तर नीट पिकत नाहीत. कच्च्या टोमॅटोचेही तसेच; पूर्ण लाल झालेले टोमॅटो मात्र आपल्या उन्हाळ्यात आत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. काकडी आणि वांगी दोन-तीन दिवसच, तीही मागच्या भिंतीपासून दूर ठेवावीत. वाशीच्या घाऊक फळबाजारातून हापूसची पेटी आणली असल्यास कच्चे आंबे कधीही फ्रिजमध्ये ठेवू नयेत, ते पेंढ्यातच पिकू द्यावेत; पिकलेला आंबा काही दिवस फ्रिजमध्ये राहतो आणि आमरस फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. पिकलेली पपई, आंबा आणि सफरचंद यांतून इथिलीन वायू निघतो, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, म्हणून फळे वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. कापलेले कलिंगड झाकून लगेच आत ठेवावे.

नारळ, दाण्याचे कूट, रवा आणि मसाले

मराठी घरात फ्रिजचा खरा उपयोग याच वस्तूंसाठी होतो, आणि घोळही येथेच होतो. खवलेला ओला नारळ बाहेर काही तासांत आंबतो, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, तेव्हा तो थेट फ्रीझरमध्ये, वाटीभराच्या पुड्या करून ठेवावा. दाण्याचे कूट अख्ख्या दाण्यांपेक्षा लवकर खवट होते, कारण कुटल्यावर तेल मोठ्या प्रमाणात हवेच्या संपर्कात येते. ते आठवड्यापुरतेच बाहेर ठेवून उरलेले आत ठेवावे. सुके खोबरे, तीळ, जवस, काजू आणि अक्रोड हवाबंद डब्यात आत ठेवणे चांगले. बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून वापरू नयेत, सरळ टाकून द्यावेत, कारण बुरशीचे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही.

रवा, मैदा आणि बेसन यांचा शत्रू म्हणजे टोके आणि अळ्या, आणि त्यांची अंडी बरेचदा पाकिटातूनच येतात. नवे पाकीट चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास अंडी मरतात. त्यानंतर ते बंदच ठेवून पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मगच डब्यात ओतावे. गार पाकीट लगेच फोडले तर आत दव जमून रव्याच्या गाठी होतात. रवा कोरडा भाजून घट्ट डब्यात भरणे ही जुनी युक्तीही तितकीच चालते. वर्षभराचा मालवणी मसाला आणि लाल तिखट यांचा रंग फ्रीझरमध्ये टिकतो, पण मोठा डबा रोज आतबाहेर करू नये. महिन्याचा मसाला छोट्या बरणीत काढून घ्यावा.

भरपूर तेल-मीठ असलेले लोणचे बाहेर राहते, फक्त खार वर असावा आणि चमचा कोरडा असावा. कमी तेलाचे, कमी मिठाचे विकतचे लोणचे उघडल्यावर आत ठेवावे. मध फ्रिजमध्ये रवाळ होतो, खोबरेल गोठते, चहा-कॉफी दुसऱ्यांचे वास शोषून घेतात; यांतले काहीही आत ठेवू नये. पापड, कुरडया, चिवडा यांना घट्ट डबा हवा, गारवा नको.

औषधे आणि इतर वस्तू

इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि त्या गोठल्यास टाकून द्याव्या लागतात. म्हणून त्या दारात नकोत, फ्रीझरखालीही नकोत आणि मागच्या भिंतीलाही टेकवू नयेत. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला छोट्या डब्यात ठेवाव्यात. वापरात असलेली कुपी किंवा पेन किती अंशांपर्यंत आणि किती दिवस बाहेर चालते हे वेष्टनावर दिलेले असते. पाणी घालून तयार केलेले प्रतिजैविकाचे औषध आणि डोळ्यांचे थेंब यांच्याबाबतही वेष्टन वाचावे किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. साध्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, त्यांना ओल लागते.

मोगऱ्याचा गजरा ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा. घरी भिजवलेल्या मेंदीचे कोन फ्रीझरमध्ये टिकतात. कुंडीत लावायचे बियाणे पूर्ण सुकवून हवाबंद बाटलीत ठेवल्यास उगवणशक्ती अधिक काळ राहते. विजेरीच्या बॅटऱ्या मात्र आत ठेवण्याने काहीच लाभ नाही, दव जमून त्या गंजतात.

वीज गेल्यावर

दुरुस्तीसाठी किंवा पावसात वीज गेल्यास दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास पुरेसा गार राहतो; भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. त्यामुळे फ्रीझरमधील रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या, वर थोडी जागा सोडून, गोठवून ठेवाव्यात. वीज चार तासांहून अधिक काळ गेली, तर दूध, मासे, चिकन, शिजवलेले अन्न आणि कापलेली फळे टाकून द्यावीत. वास घेऊन किंवा चाखून निर्णय करू नये. लोणी, लोणचे, सॉस आणि अख्खी फळे ठेवता येतात. फ्रीझरमधील पुडीत अजून बर्फाचे कण जाणवत असतील तर ती पुन्हा गोठवता येते. घरात इन्सुलिन असल्यास गोठवलेली एक बाटली जाड फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाजूला ठेवावी, मात्र कुपी बर्फाला थेट टेकणार नाही हे पाहावे.